वर्गातला कांदा आणि दाराबाहेरची दुबई

ऐकलंत का? नाही, आधी गॅस बंद करून या, हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही. आपल्या मॅडमविरुद्ध कॉलेजात तक्रार गेली होती. तक्रार काय, तर अर्थशास्त्राच्या तासाला त्या पोरांना जुगार शिकवतात! झालं असं, एका मुलाच्या सॅकमधून त्याच्या आईला चिठ्ठी सापडली: ‘कांदा, एक क्विंटल, १४०० च्या खाली देऊ नको.’ बाईंच्या पोटात गोळा आला. त्यांना वाटलं मटका. आता मटक्यात कांदा कुठून येणार, पण अकरावीतला मुलगा म्हटला की आईला काहीही सुचतं. त्यांनी सरळ प्राचार्यांची केबिन गाठली.

मला सगळी हकिगत ठाऊक आहे, कारण आमच्या नि मॅडमच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत, आणि तिची कपड्यांची दोरी नेमकी माझ्या कढीपत्त्यासमोर. शिवाय माझं माहेर निफाड तालुक्यात. कांद्याचा विषय निघाला की मी भिंतीशी असणारच.

‘काय गं,’ मी म्हटलं, ‘पत्ते वाटतेस म्हणे वर्गात?’

तिने तोंडातला चिमटा काढला. ‘पत्ते नाही काकू. बाजार भरवते.’

बाजार असा. वर्गात चाळीसेक पोरं. निम्मी शेतकरी, निम्मी गिऱ्हाईक. प्रत्येकाला एकेक चिठ्ठी. शेतकऱ्याच्या चिठ्ठीवर त्याचा खर्च, त्याच्या खाली विकलं तर तोटा. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर त्याची ऐपत, त्याच्या वर घेतलं तर तोटा. चिठ्ठी कुणी कुणाला दाखवायची नाही. बाकी काय ओरडायचं ते ओरडा. एक जण फळ्याशी उभा राहून झालेला प्रत्येक सौदा लिहीत जातो. पहिल्या फेरीत म्हणे कुणी नऊशेला विकलं, कुणी बावीसशेला घेतलं, नुसता गोंधळ. तिसऱ्या-चौथ्या फेरीला मात्र सगळे सौदे पंधराशेच्या आसपास यायला लागले. कुणी ठरवलं नाही, कुणी सांगितलं नाही. मॅडमने मग टेबलाच्या खणातून सकाळीच लिहून ठेवलेला कागद काढून दाखवला. त्यावर पंधराशेच होते. पोरांना ती जादू वाटली.

‘तूच काढलास का खेळ?’

‘छे हो. जुना आहे.’ आणि मग तिने जे सांगितलं ना, ते मला फार आवडलं, म्हणून तुम्हालाही सांगते. अमेरिकेत हार्वर्डला एडवर्ड चेंबरलिन म्हणून प्राध्यापक होते. त्यांनी वर्गात असाच बाजार भरवून १९४८ साली त्यावर लेख छापला. त्यांच्या वर्गात पोरं खोलीभर फिरायची, दोघं दोघं मिळून आपापसात भाव करायची, आणि खेळ तेवढ्यावर संपायचा. भाव पुस्तकात लिहिल्यासारखा काही बसायचा नाही. चेंबरलिनसाहेबांना दाखवायचं होतं तेही हेच, की पुस्तकातला बाजार आणि खरा बाजार यांत अंतर आहे. त्या वर्गात व्हर्नन स्मिथ नावाचा एक विद्यार्थी होता. तो पुढे परड्यू विद्यापीठात शिकवायला लागला आणि १९५६ मध्ये त्याने तोच खेळ आपल्या पोरांवर करून पाहिला. फक्त दोन नियम बदलले. भाव सगळ्यांच्या कानावर पडेल असा ओरडून सांगायचा, आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा घ्यायच्या. भाव झटकन जागेवर आला! स्मिथना २००२ साली नोबेल मिळालं.

म्हणजे बघा, गुरूने दाखवलं की भाव बसत नाही, चेल्याने दाखवलं की बसतो. पोरं तशीच, चिठ्ठ्या तशाच, नियम तेवढे निराळे. लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टरच्या रांगेसमोर चार व्यापारी उघड्यावर बोली लावतात तो भाव, आणि एकटा व्यापारी खळ्यावर येऊन माहेरी आमच्या दादाच्या कानाशी सांगतो तो भाव, यांत फरक असतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याचंही नोबेल मिळतं हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

असो. खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. मॅडमने सरकार आणलं.

सरकार म्हणजे तिघं जण. मंत्री कोण, तर आपल्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यांचा नातू. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता, विचारा कुणालाही. आल्या आल्या म्हणाला, जनतेची लूट थांबलीच पाहिजे, आणि फळ्यावर लिहिलं: हजाराच्या वर भाव नाही. गिऱ्हाइकांनी बाकं वाजवली. फेरी सुरू झाली आणि सामसूम. ज्यांच्या चिठ्ठीवर खर्चच बाराशे-चौदाशे होता, ते चिठ्ठीची घडी करून गप्प बसले. हजाराच्या आतले शेतकरी निघाले पाच-सहा, आणि त्यांच्याभोवती वीस गिऱ्हाइकांचा गराडा. मग एकीने हळूच वर एक चॉकलेट देऊ केलं. फळ्यावर सौदा हजाराचा, बाकाखाली चॉकलेट. पुढच्या सौद्याला दोन चॉकलेटं. मंत्र्याने छापा घातला आणि जप्त केलेली चॉकलेटं स्वतः खाऊन टाकली. हे नियमात नव्हतं, पण मॅडमने ते तसंच राहू दिलं.

आणि ज्या पोरींनी सगळ्यात जोरात बाकं वाजवली होती, त्यांच्याच पिशव्या रिकाम्या राहिल्या.

मी म्हटलं, ‘बरी खोड मोडली. कांद्याचे भाव बांधायला निघाले होते!’

यावर मॅडम थांबली. म्हणाली, ‘काकू, पहिल्या आठवड्यात एका मुलीच्या चिठ्ठीवर सहाशेच लिहिलेले होते. मोकळ्या बाजारात तिला एकाही फेरीत कांदा मिळाला नाही. शेवटी रडकुंडीला आली. भाव आपोआप बसला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती टाळ्या वाजवत नव्हती.’

आता यावर काय बोलणार? मी कढीपत्ता तोडायला लागले. शहरातल्या माणसाचा राग काही खोटा नसतो. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याचे भाव प्रचारात आणले होते, आणि १९९८ साली दिल्लीचं सरकार कांद्याने पाडलं असं लोक अजून म्हणतात. दिल्लीत कांदा महागला की मंत्र्यांना झोप येत नाही. निफाडात स्वस्त झाला तर तितकी उडत नाही, हे माझं दुखणं.

तर पुढच्या फेरीला आली दुबई. मॅडमने दोन पोरांना वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं केलं आणि त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं बावीसशे. हे परदेशी व्यापारी. दार उघडं होतं तोवर शेतकऱ्यांची चंगळ, भाव एकोणीसशेला गेला. आतली गिऱ्हाइकं ओरडायला लागली. मंत्री उठला आणि त्याने दार लावून घेतलं. खरोखरचं, कडी घालून! दोन मिनिटांत भाव अकराशेवर. परत बाकं वाजली.

पोरांना हा खेळ वाटला असेल, मला तर तारखा दिसायला लागल्या. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्राने निर्यातबंदी घालून दार लावलं होतं, २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा लावलं. २०२३ मध्ये १९ ऑगस्टला आधी चाळीस टक्के निर्यातशुल्क लावून ते अर्धवट ओढून घेतलं. आमच्याकडे व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, मग केंद्राने जाहीर केलं की क्विंटलला २४१० रुपयांनी आम्ही खरेदी करू. आणि ८ डिसेंबरला दार पुरतं बंद. ते उघडलं २०२४ च्या ४ मे रोजी, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाला पंधरवडा उरलेला असताना. उघडलं तेही फटीएवढंच, टनाला ५५० डॉलरच्या खाली विकायचं नाही आणि वर चाळीस टक्के शुल्क. शुल्क पुरतं गेलं २०२५ च्या १ एप्रिलला. आमच्या माहेरच्या लग्नांच्या तारखा मी विसरते, या विसरत नाही.

मॅडमचा खेळ तिथे थांबला नाही. पुढच्या फेरीआधी तिने शेतकऱ्यांना विचारलं, आता काय लावणार? अकराशेने पोळलेल्या निम्म्या पोरांनी मका लिहून दिला. मग कांदाच कमी. भाव भडकला, चोवीसशेच्या पुढे. मंत्री म्हणाला, परदेशातून मागवा. २०१९ च्या शेवटी खऱ्या सरकारनेही इजिप्त आणि तुर्कस्तानातून कांदा आणवला होता, तेव्हा पोराचं काही चुकलं नाही म्हणायचं. त्याच्या पुढच्या फेरीला भाव बघून सगळ्यांनी कांदा लावला आणि माल इतका झाला की मंत्र्याने घाईघाईने दाराची कडी काढली. बाहेर बघतो तर दुबई गायब! ती दोन पोरं उभी राहून राहून कंटाळली होती, कँटीनमध्ये जाऊन त्यांनी वडापाव घेतला होता. त्यांना हाका मारायला माणूस धाडला, तर म्हणाली, तुमच्या दाराचा भरवसा नाही, आम्ही दुसरीकडे बघितलं.

हे मॅडमने शिकवायचं ठरवलं नव्हतं. तिच्या टिपणात असलं काही नव्हतंच. मला विचाराल तर अख्ख्या खेळात शिकण्यासारखं तेवढंच होतं. एका बंदीचं नुकसान मोजता येतं, पण दार कधी लागेल सांगता येत नाही म्हणून जे गिऱ्हाईक कायमचं जातं, त्याचा आकडा कुठल्या फळ्यावर लिहिणार?

इतक्यात आमचे हे पेपर घेऊन बाहेर आले. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे त्यांना बाजारात रस नाही, पाइपात आहे. मॅडमने हे ओळखलं आणि फोनवर एक चित्र दाखवलं. माणसापेक्षा उंच यंत्र, पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा, आणि आतून वाहणारं रंगीत पाणी. १९४९ साली बिल फिलिप्स नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाने लंडनजवळ क्रॉयडनला घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये ते बनवलं. शिक्षणाने विजेचा इंजिनिअर, युद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेला, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकायला आलेला. अर्थशास्त्राची गणितं डोक्यात शिरेनात, तर गड्याने देशाचा पैसा पाण्याच्या रूपाने फिरवूनच दाखवला. एका नळीतून कर बाहेर जातो, एकातून बचत, एकातून आयात. सरकारी खर्चाची झडप उघडली की पाणी खालच्या टाकीत परत येतं आणि बाजूला पेन कागदावर रेघ काढतं: राष्ट्रीय उत्पन्न.

‘गळती किती?’ ह्यांनी पहिला प्रश्न विचारला.

‘होती म्हणतात,’ मॅडम हसून म्हणाली. ‘पण खरी गोष्ट पुढे आहे, काका. तिथे जेम्स मीड म्हणून प्राध्यापक होते, त्यांनाही पुढे १९७७ साली नोबेल मिळालं. ते एका विद्यार्थ्याला अर्थमंत्री करायचे, कर आणि खर्चाच्या झडपा त्याच्या हातात. दुसऱ्याला मध्यवर्ती बँकेचा प्रमुख, व्याजदराची झडप त्याच्या हातात. दोघांना सांगायचे, आपापल्या परीने उत्पन्न ठरलेल्या आकड्यावर आणा.’

‘आणि?’

‘गोंधळ. एकाने झडप उघडायची, पाणी पोचायच्या आत दुसऱ्यानेही उघडायची. मग पाणी फार झालं म्हणून दोघांनी एकदम बंद करायची.’

आमच्या ह्यांना इतका आनंद झालेला मी मुलाच्या लग्नातही पाहिला नाही. म्हणाले, ‘हेच! हेच मी चौतीस वर्षं वरच्या साहेबांना सांगत होतो. झडप फिरवली की पाणी पोचायला वेळ लागतो!’ तसलं एक यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलेलं आहे म्हणे, तेव्हापासून लंडनच्या तिकिटांची चौकशी चालू आहे. मुलगा पुण्यात, त्याच्याकडे जायचं तर गुडघे दुखतात.

पण मी मुद्दा सोडला नव्हता. मॅडमची एक चिठ्ठी माझ्या हातात होती आणि तिच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: न विकलेला माल पुढच्या फेरीत विकता येईल.

मी विचारलं, ‘हा कांदा कोणता गं? लाल की उन्हाळ?’

‘म्हणजे?’

घ्या! अर्थशास्त्राची एमए. मी म्हटलं, ‘अगं, उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, तो चाळीत भरतात. दिवाळीपर्यंत धरून ठेवता येतो. सडतो, वजन घटतं, पण भावाची वाट तरी बघता येते. लाल कांदा थंडीच्या तोंडाला येतो, त्याला टिकाऊपणा नाही. आला की विकायचा. डिसेंबरात बंदी आली ती नेमकी लाल कांदा बाजारात असताना. तुझी पोरं भाव पडला तर चिठ्ठी खिशात घालून ऐटीत बसली, कारण तू त्यांना न सडणारा कांदा दिलास. आमच्या दादाला तो मिळाला असता तर त्यानेही मंत्र्याला चार शब्द सुनावले असते.’

तिने खिशातलं पेन काढून हातावर लिहिलं, ‘लाल: एका फेरीत नाही विकला तर फुकट.’

‘आणि पात कापायला आलेल्या बायका कुठे आहेत तुझ्या खेळात? हमाल? मापारी? लिलाव बंद पडला की शेतकरी ट्रॅक्टर माघारी नेतो, व्यापारी घरी चहा पितो. हमालाचा दिवस गेला तो गेला. त्याला तर एकही चिठ्ठी नाही.’

यावर ती भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली आणि विषयच निराळ्या वाटेने नेला. ‘काकू, लहानपणी व्यापार खेळलात का?’

खेळलो म्हणजे? सुट्टीत दुसरं काय होतं! मुंबई-दिल्ली विकत घ्यायची, घरं बांधायची, भाडं वसूल करायचं, आणि शेवटी धाकट्या भावाला भिकेला लावून रडवायचं. तर तो खेळ ज्या अमेरिकन मोनोपॉलीवरून आला, तिचं मूळ एका बाईच्या खेळात आहे. एलिझाबेथ मॅगी. तिने १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं, नाव ‘द लँडलॉर्ड्स गेम’, जमीनमालकाचा खेळ. ती हेन्री जॉर्जच्या विचाराची होती. त्याचं म्हणणं, जमिनीची किंमत सगळ्या समाजामुळे वाढते, तेव्हा सरकारने कर घ्यावा तो जमिनीच्या मूल्यावर, बाकी माणसाच्या कष्टावर नको. मॅगीने त्या एकाच पटाला दोन तऱ्हेचे नियम दिले. एका नियमाने एकजण सगळं गिळतो आणि बाकीचे बुडतात. दुसऱ्या नियमाने जमिनीचं भाडं सार्वजनिक खजिन्यात जातं, आणि सगळ्यात गरीब खेळाडूची पुंजी दुप्पट झाली की सगळेच जिंकले. दोन्ही खेळा आणि मग सांगा देश कसा चालवायचा, असा तिचा बेत. कॉलेजातले प्राध्यापकही तो पट वर्गात न्यायचे.

पुढे काय झालं असेल? लोकांना गिळायचा खेळच आवडला. चार्ल्स डॅरो नावाच्या माणसाने तो आपला म्हणून पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला, १९३५ मध्ये. डॅरो लक्षाधीश झाला. कंपनीने मॅगीचं पेटंट पाचशे डॉलरला घेतलं. तिचे दुसरे नियम पेटीतून गेले आणि मक्तेदारी वाईट हे शिकवायला काढलेल्या खेळावर जगभरची पोरं मक्तेदार व्हायला शिकली. आपणही त्यातच आलो की!

‘म्हणून मला भीती वाटते,’ मॅडम म्हणाली. ‘पुस्तकातलं वाक्य पोरं परीक्षेनंतर विसरतात. पण खेळात स्वतः ओरडून, स्वतः बुडून जे कळतं, ते विसरत नाहीत. मी चिठ्ठ्या कशा लिहिते त्यावर ठरतं ते काय शिकणार. भाव बांधणं मूर्खपणाचं आहे हे मी एका तासात शिकवू शकते. आणि दुसऱ्या चिठ्ठ्या लिहिल्या, गिऱ्हाइकं वीस आणि विकणारा एकच असं केलं, तर भाव बांधणं किती गरजेचं आहे हेही तितक्याच वेळात शिकवू शकते. दोन्ही वेळेला पोरं म्हणणार, आम्ही डोळ्यांनी पाहिलं.’

हे मला पटलं. शिक्षकाने फळ्यावर मत लिहिलं तर पोरगं निदान मनातल्या मनात वाद घालतं. चिठ्ठीत लपलेलं मत त्याला दिसतच नाही. तेव्हा आमच्यात ठरलं (आमच्यात म्हणजे मी, ती आणि भिंतीशी खुर्ची घेऊन बसलेले आमचे हे) की पुढचा खेळ एकदा मॅडमच्या नियमांनी घ्यायचा आणि एकदा पोरांनी लिहिलेल्या नियमांनी. आणि दर फेरीला चिठ्ठ्या फिरवायच्या. आज जो मंत्री, तो उद्या हमाल.

मजूर आणायचा तर कोणता खेळ घ्यायचा, हेही तिने शोधून ठेवलंय. आपल्याच महाराष्ट्राचा. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने पाहिला, खडी फोडायला गेलेली माणसं पाहिली. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तिच्यामागे होते. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. गावात हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यायचंच. २००५ मध्ये देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या कितीतरी आधी हे इथे चालू होतं. आणि पैसा कुठून? १९७५ साली व्यवसाय कर लावला होता, शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर.

‘थांब, थांब,’ आमचे हे म्हणाले. ‘पगाराच्या चिठ्ठीवर दोनशे रुपये कापलेले असायचे, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. ते हेच?’

‘हेच काका.’

‘मला वाटायचं ऑफिसच्या चहापाण्याला जातात.’

म्हणजे बघा, सगळी नोकरी झाली आणि आपल्या पैशाचं काय झालं हे माणसाला भिंतीवरून कळतंय. खेळात मॅडम असं करणार आहे: पगारदार पोरांनी दर फेरीला एक नाणं डब्यात टाकायचं. मधेच एक फेरी दुष्काळाची, कोणती ते आधी सांगायचं नाही. त्या फेरीत मजुरांनी काम केलं तर डब्यातून नाणं. डब्यात पुरेसं नसेल तर काय करायचं ते वर्गाने ठरवायचं: कर वाढवायचा, मजुरी कमी करायची, की कुणाला तरी परत पाठवायचं. परत पाठवायचं असेल तर नाव घेऊन, उभं करून. तिने घरातल्या दोन भाच्यांवर आधी करून पाहिलं. मोठा म्हणाला, मी का म्हणून नाणं देऊ? चिठ्ठ्या फिरवल्यावर तोच मजूर झाला आणि डबा उलटा करून बघत होता.

हां, तक्रारीचं राहिलंच. प्राचार्यांनी त्या आईला सांगितलं, बाई, एकदा मागे बसून बघा. त्या बसल्या. पहिली फेरी हाताची घडी घालून. दुसऱ्या फेरीला एक गिऱ्हाईक गैरहजर होतं, म्हणून मॅडमने त्यांच्याच हातात चिठ्ठी दिली. तिसऱ्या फेरीत मंत्र्याने दार लावल्यावर उठून उभ्या राहिल्या आणि पोटच्या पोराला, तो त्या दिवशी शेतकरी होता, म्हणाल्या, ‘आता दे हजाराला, मघाशी फार माज करत होतास!’ आता त्या दर आठवड्याला विचारतात, खेळ कधी आहे म्हणून.

पुढचा खेळ शनिवारी आहे. चिठ्ठ्यांना जाड कागद लागतो, तर तुमच्याकडे गेल्या वर्षीची कॅलेंडरं असतील ती माझ्याकडे द्या, मी भिंतीवरून पोचवते. हमालांच्या आणि लाल कांद्याच्या चिठ्ठ्या अजून लिहायच्या राहिल्यात. आणि तुमच्या धाकट्याला विचारून ठेवा, गिरणीवाल्यांच्या नातवाने राजीनामा दिलाय, आणि चिठ्ठ्या फिरणार हे कळल्यापासून मंत्री व्हायला कुणी तयार नाही.